दुबळ्यांच्या वैभवाची हुरहूर

विश्वचषकाची स्पर्धा जवळ आली म्हणजे आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, खामगावच्या बाजारात म्हणा की मेहकर-चिखलीच्या एसटी स्थानकावर म्हणा, क्रिकेटच्या गोष्टी निघाल्यावाचून राहत नाहीत, आणि त्या गोष्टींत चाळिशी ओलांडलेला एखादा गृहस्थ हमखास विचारतो, "अहो, तो केनियाचा संघ कुठे गेला हो?" मग टिकोलो, ओडुंबे, आसिफ करीम ही नावे निघतात. ऐकणाऱ्या तरुणांस ती पुराणातील वाटतात. सांगणाऱ्याचा चेहरा मात्र उजळतो. शेवटी "काय दिवस होते ते!" ह्या उद्गाराने त्या प्रकरणाची समाप्ती होते आणि मंडळी आजच्या सामन्याकडे वळतात.

ही हळहळ वरवर पाहता क्षुल्लक दिसते. परंतु थोडा विचार केल्यास तीत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. आपल्या गावाचे, आपल्या प्रांताचे अथवा आपल्या देशाचे वैभव गेले म्हणून मनुष्य हळहळतो, हे स्वाभाविक आहे. पण केनिया हा आपला देश नव्हे. ज्याने नैरोबी कधी पाहिली नाही, पाहण्याचा संभवही नाही, अशा वऱ्हाडातील मनुष्यास त्या देशाच्या संघाचे गेलेले दिवस आठवून वाईट का वाटावे? आणि वाटलेच, तर त्या वाटण्याची नैतिक किंमत काय? ती केवळ मनाची करमणूक आहे, की तिच्यामुळे आपल्यावर काही कर्तव्य येऊन पडते? ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती ध्यानात घेऊ. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनियाची गाठ वेस्ट इंडीजशी पडली. विश्वचषकात स्वतंत्रपणे उतरण्याचा केनियाचा तो पहिलाच प्रसंग. त्याचे बहुतेक खेळाडू नोकरीधंदा सांभाळून खेळणारे हौशी गृहस्थ. उलट वेस्ट इंडीजने १९७५ व १९७९ असा दोनदा तो चषक जिंकलेला, आणि रिचर्डसन, लारा, अँब्रोज, वॉल्श यांच्यासारखी धुरंधर माणसे त्या दिवशी मैदानावर हजर. केनियाचा डाव १६६ धावांत आटोपला, आणि त्या धावांतही कोणा एका फलंदाजाच्या धावांपेक्षा अवांतर धावाच अधिक होत्या. सामना उरकल्यातच जमा आहे असे सर्वांस वाटले. परंतु रजब अली व मॉरिस ओडुंबे यांनी प्रत्येकी तीन गडी बाद केले, लारा अवघ्या ८ धावांवर यष्टिरक्षकाच्या हाती झेल देऊन परतला, आणि वेस्ट इंडीजचा सबंध संघ ९३ धावांत गारद झाला. मराठी मुलखात घडलेला हा प्रसंग अनेकांच्या मनावर कायमचा कोरला गेला.

त्यानंतर १९९८ च्या मे महिन्यात ग्वाल्हेरला केनियाने खुद्द भारतास ६९ धावांनी हरविले. २००१ साली दक्षिण आफ्रिकेतील पोर्ट एलिझाबेथ येथे पुन्हा ७० धावांनी हरविले. आणि २००३ च्या विश्वचषकात तर कळसच झाला. त्या वेळी केनियाचा मार्गदर्शक होता आपला मुंबईकर संदीप पाटील, १९८३ च्या विजयी भारतीय संघातील फलंदाज. सुरक्षिततेच्या कारणाने न्यूझीलंडने नैरोबीस येण्याचे नाकारले व त्या सामन्याचे गुण केनियाच्या पदरात पडले, हे खरे. तेवढ्यावरून ते यश केवळ दैवाचे होते असे म्हणणारेही आहेत. परंतु त्यानंतर तीनच दिवसांनी, १९९६ च्या विश्वविजेत्या श्रीलंकेस नैरोबीच्याच मैदानावर ५३ धावांनी नमविले ते काही दैवाने नव्हे. कॉलिन्स ओबुया ह्या तरुणाने २४ धावांत पाच गडी टिपले, ते मनगटाच्या बळावर. पुढे बांगलादेश व झिम्बाब्वे यांस हरवून केनिया उपान्त्य फेरीत पोचला. निवृत्तीतून परत बोलाविलेल्या आसिफ करीमने बलाढ्य ऑस्ट्रेलियाविरुद्ध आठ षटके व दोन चेंडू टाकून केवळ ७ धावा दिल्या व तीन गडी बाद केले. कसोटी खेळण्याचा दर्जा नसलेल्या दुसऱ्या कोणत्याही संघास एकदिवसीय विश्वचषकाची उपान्त्य फेरी आजवर गाठता आलेली नाही. त्या फेरीत, २० मार्च रोजी डर्बन येथे, भारताने केनियास ९१ धावांनी हरविले.

आणि मग ओहोटी लागली. २०११ च्या विश्वचषकात केनियाने सहा सामने खेळून सहाही गमाविले. २०१४ साली त्याचा एकदिवसीय सामन्यांचा अधिकृत दर्जाही गेला. उपान्त्य फेरीपासून ह्या शेवटापर्यंत अवघी अकरा वर्षे!

आता आपल्या हळहळीकडे वळू. तिची पहिली फोड अशी करता येईल की, आपण केनियासाठी हळहळत नसून स्वतःच्या तारुण्यासाठी हळहळत असतो. १९९६ साली जो पंधरा वर्षांचा होता तो आज पंचेचाळिशीत आहे. शेजाऱ्याच्या घरातील दूरदर्शन संचापुढे दाटीने बसलेली मुले, ऐन सामन्यात जाणारी वीज, मग धावत जाऊन कोणाचा तरी रेडिओ कानाशी धरणे, हे सारे त्या आठवणीस चिकटलेले आहे. ओडुंबेचे नाव घेताच ते सारे परत येते. ही फोड खोटी नाही. पण ती अपुरी आहे. कारण त्याच काळात ऑस्ट्रेलियाही जिंकत होता, आणि आमच्या तारुण्याशी त्याचा संबंध तितकाच निकट होता. तरीही ऑस्ट्रेलियाच्या त्या विजयांविषयी बोलताना कोणाचा कंठ दाटून येत नाही. तेव्हा आपल्या हळहळीत तारुण्याहून निराळे असे काही तरी आहेच.

दुसरी फोड अशी की, आपण दुबळ्यांचे कैवारी आहोत. बलवानास दुबळ्याने लोळविले की न्याय झाल्याचे समाधान आपल्यास होते. ही फोड ऐकावयास गोड आहे, आणि म्हणूनच तिची परीक्षा कठोरपणे केली पाहिजे. पुण्याच्या विजयाने हर्षभरित झालेले आपले मन ग्वाल्हेरच्या विजयाने का बरे खट्टू झाले? केनिया तोच, ओडुंबे तोच. बदलला होता तो फक्त पराभूत पक्ष. आणि डर्बनच्या उपान्त्य सामन्यापूर्वी आपल्यापैकी बहुतेकांस जो आनंद झाला तो दुबळा इतका वर आला म्हणून झाला, की अंतिम सामन्याच्या वाटेवर आपल्यास सोपा प्रतिस्पर्धी लाभला म्हणून झाला? ह्याचे प्रामाणिक उत्तर आपणांस फारसे भूषणावह नाही. दुबळ्याने दुसऱ्या बलवानास हरवावे, आपल्यास मात्र हरवू नये, अशी ही कैवाराची तऱ्हा. दुसऱ्याच्या शेतातील पाण्याचा पाट फुटला तर गावकरी जमून गंमत पाहतात. आपल्या शेतातील फुटला म्हणजे गंमत उरत नाही. त्यातलाच हा प्रकार.

तर मग ह्या हळहळीत प्रामाणिक असा काहीच अंश नाही काय? माझ्या मते आहे, आणि तो ओळखण्याची एक खूण आहे. वेस्ट इंडीजचा संघही पुढे खालावला. त्याविषयीही रसिकांस वाईट वाटते. परंतु त्या वाईट वाटण्याची जात निराळी आहे. जुना वटवृक्ष वठला म्हणजे जे वाटते ते वेस्ट इंडीजविषयी वाटते. केनियाविषयी जे वाटते ते कोवळे रोप वाळून गेल्याचे दुःख आहे. वृक्षाने आपले आयुष्य भोगलेले असते. रोपाच्या बाबतीत मात्र, ह्यास पाणी कोणी का घातले नाही, असा प्रश्न मनाच्या तळाशी उभा राहतो. आपली हळहळ म्हणजे हाच प्रश्न. आपण तो उद्गाराच्या रूपाने बोलून दाखवितो आणि उत्तर न देता उठून जातो. म्हणून ह्या हळहळीची किंमत, आपण त्या प्रश्नाचे उत्तर देतो की नाही, यावर ठरेल.

उत्तरासाठी दूर जावयास नको. आपलाच इतिहास पुरेसा आहे. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ साली लॉर्ड्सवर खेळला. नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू तेव्हा कर्णधार होते. तो सामना भारताने गमाविला. पहिला विजय मिळाला तो १९५२ च्या फेब्रुवारीत, मद्रासला, सांगलीच्या विजय हजाऱ्यांच्या नेतृत्वाखाली. मध्ये वीस वर्षे गेली होती आणि तो भारताचा पंचविसावा कसोटी सामना होता. न्यूझीलंडची कथा याहून बोलकी आहे: १९३० साली आरंभ केलेल्या त्या संघास पहिला विजय १९५६ साली लाभला. ह्या सव्वीस वर्षांत न्यूझीलंडला, आणि वीस वर्षांत भारतास, "तुम्हांस जिंकता येत नाही, तेव्हा तुमची जागा सोडा," असे कोणी म्हटले नाही. हे औदार्य होते असे मात्र समजू नये. ज्या परिषदेने १९२६ साली भारतास सभासद करून घेतले तिच्या नावातच साम्राज्य होते, आणि साम्राज्याची सोय त्यामागे होती. पण सोयीने का होईना, पंगतीत पान मांडले गेले. एकदा पान मांडले म्हणजे बसणारा हळूहळू जेवावयास शिकतो. पानच मांडले नाही तर त्याची भूक किती होती हे कोणास कळणार?

एकदिवसीय विश्वचषकाची हकीकतही अशीच. १९७५ व १९७९ या पहिल्या दोन स्पर्धांत मिळून भारताने एकच सामना जिंकला, आणि तो कोणाविरुद्ध? केनियाचे खेळाडू ज्यात होते त्या पूर्व आफ्रिकेच्या संघाविरुद्ध. १९७९ साली तर भारत श्रीलंकेकडूनही हरला, आणि श्रीलंकेस त्या वेळी कसोटीचा दर्जा नव्हता. त्या दोन स्पर्धांच्या निकालावर भारताची पात्रता ठरविली असती तर १९८३ चा चषक भारताच्या हाती कधीच आला नसता. संदीप पाटील केनियास शिकवावयास गेला तेव्हा आपण स्वतः अशाच तुच्छ लेखिलेल्या संघातून वर आलो आहो, याची जाणीव त्यास असलीच पाहिजे.

याहूनही जवळचे उदाहरण म्हणजे विदर्भाचे. बुलढाण्याच्या मुलाने मोठे क्रिकेट खेळावयाचे म्हटले म्हणजे ते विदर्भाच्या नावाने. एके काळी मध्यप्रांत व वऱ्हाड असा संघ रणजी स्पर्धेत उतरत असे. पुढे १९५७-५८ पासून विदर्भाचा संघ उतरू लागला. त्यानंतर साठ वर्षे त्याने ती स्पर्धा एकदाही जिंकली नाही. मुंबईच्या संघाशी आपला सामना ठरला म्हणजे निकाल आधीच ठरलेला असे. परंतु ह्या साठ वर्षांत दर हंगामी विदर्भाचे पान मांडलेले होते. मग मुंबईचे चंद्रकांत पंडित मार्गदर्शक म्हणून आले, मुंबईचाच वासिम जाफर संघात आला, फैज फजल कर्णधार झाला, आणि १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीस हरवून विदर्भाने रणजी चषक प्रथमच जिंकला. पुढच्याच हंगामात नागपुरास सौराष्ट्रावर मात करून तो राखला; २०२४-२५ च्या हंगामात तिसऱ्यांदा मिळविला.

आता ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहा. इकडे मुंबईचा गुरू विदर्भात येतो, तिकडे मुंबईचाच गुरू केनियात जातो. दोन्हीकडे शिष्य उपेक्षित. दोन्हीकडे जगास थक्क करणारे यश. भेद कोठे आहे? तो यशात नसून यशानंतरच्या दिवसांत आहे. विदर्भास पुढच्या हंगामाची चिंता नव्हती. सामने ठरलेले, मैदान आपले, नव्या मुलांसाठी खालच्या वयाच्या स्पर्धाही चालू. केनियास डर्बनहून परतल्यावर मोठ्या राष्ट्रांशी नियमाने खेळण्याची संधी लाभली नाही. २००३ च्याच स्पर्धेत बांगलादेश एकही सामना जिंकू शकला नव्हता; केनियानेही त्यास हरविले होते. परंतु २००० साली कसोटीचा दर्जा मिळालेला असल्याने तो हरत हरत खेळत राहिला, २००५ साली त्याने पहिली कसोटी जिंकली आणि आज त्याची गणना स्थिर संघांत होते. केनिया त्यास हरवूनही बाहेरच राहिला. ह्यावरून एवढे निश्चित होते की, गुण आधी आणि जागा मागाहून हा क्रम न्यायाचा दिसत असला तरी खरा नाही. बहुतेक ठिकाणी जागा आधी मिळते व तिच्या आश्रयाने गुण वाढतो.

येथे एक सबळ आक्षेप येईल, आणि तो टाळून चालणार नाही. कोणी म्हणेल, "खेळ म्हणजे दानधर्म नव्हे. केनियाचे क्रिकेट मुख्यत्वे नैरोबीपुरते आणि थोड्या कुटुंबांपुरतेच होते. बांगलादेशासारखा कोट्यवधी लोकांचा लोंढा त्यामागे नव्हता. त्यात ओडुंबेवरच सट्टेबाजांशी संबंध ठेवल्यावरून २००४ साली पाच वर्षांची बंदी आली. खेळाडू व संघटना यांत तंटे माजले. २००५ साली जुनी संघटना मोडून नवी उभारावी लागली. ज्याने आपले घर स्वतःच पेटविले त्याच्यासाठी शेजाऱ्याने का रडावे?" ह्या आक्षेपातील प्रत्येक गोष्ट खरी आहे. केनियाच्या ऱ्हासाचा सर्व दोष इतरांच्या माथी मारणे हा दुबळ्यांच्या कैवाऱ्यांचा नेहमीचा आंधळेपणा होय, आणि त्याने दुबळ्यांचे कल्याण होत नाही.

परंतु आक्षेपकाने एक गोष्ट विसरू नये. २००० साली सामनेनिश्चितीच्या प्रकरणाने भारतीय क्रिकेटही काळवंडले होते आणि माजी कर्णधारावर बंदी आली होती. भारतीय मंडळाच्या अध्यक्षास सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली पदावरून दूर केले. पण म्हणून भारताचा दर्जा गेला नाही, सामने कमी झाले नाहीत, की मुलांनी बॅट खाली ठेवली नाही. दोष दोहोंकडे होते. भारत त्यांतून सावरला, केनिया सावरला नाही. आमच्या कोरडवाहू मुलखात हे समजावून सांगावयास नको. एक पावसाळा दगा देतो तो सर्वांनाच. ज्याच्या विहिरीस पाणी आहे तो वर्षभरात सावरतो. ज्याचे केवळ आभाळावर अवलंबून त्याची जमीन सावकाराकडे जाते. मग लोक म्हणतात, "त्याला शेती कळत नव्हती." कळत नसेलही, परंतु विहीरवाल्यासही कित्येकदा कळत नसते, आणि तरी त्याचे शेत हिरवे राहते. चूक करूनही तगून राहण्याची सोय हेच सामर्थ्याचे खरे लक्षण असेल, तर दुबळ्याच्या चुकांकडे बोट दाखविण्यापूर्वी समर्थाने आपल्या विहिरीकडे पाहावे हे योग्य.

आणि आज ती विहीर कोणाची आहे? क्रिकेटच्या जगात भारत आता दुबळा राहिलेला नाही. तोच सर्वांत धनवान आहे. २०२४ ते २०२७ या चार वर्षांसाठी आंतरराष्ट्रीय परिषदेच्या उत्पन्नाची जी वाटणी प्रसिद्ध झाली आहे तीत एकट्या भारताकडे सुमारे ३८.५ टक्के, आणि नव्वदांहून अधिक सहसभासद देशांकडे मिळून सुमारे ११ टक्के असा हिशेब आहे. हे उत्पन्न मुख्यतः भारतीय प्रेक्षकांमुळेच होते, तेव्हा भारताने मोठा वाटा घ्यावा, असे समर्थन केले जाते. ते अगदीच निराधार नाही. पण त्याच समर्थनातून दुसरी गोष्टही निघते. पैसा जर आपल्या पाहण्यातून निर्माण होत असेल, तर त्या पैशाच्या वाटणीची काही जबाबदारीही पाहणाऱ्यांवर, म्हणजे खामगावच्या बाजारात हळहळणाऱ्या त्या गृहस्थावरही, थोडीशी येतेच. २००७ साली विश्वचषकात सोळा संघ होते. २०१९ व २०२३ साली दहाच उरले. लहान संघांचे सामने नीरस होतात, अशी तक्रार करणाऱ्यांत आपणही होतो. एका तोंडाने नीरसतेची तक्रार आणि दुसऱ्या तोंडाने "केनिया कुठे गेला?" हा प्रश्न, ह्या दोहोंचा मेळ बसत नाही.

स्मरण कशासाठी करावे, याचे एक उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. सिंदखेडराजास लखुजी जाधवांच्या राजवाड्याचे अवशेष आहेत. १५९८ साली तेथे जिजाऊंचा जन्म झाला. दर वर्षी १२ जानेवारीस तेथे लोकांचा महापूर लोटतो. हे लोक जाधवांचे वैभव गेले म्हणून शोक करावयास येत नाहीत. एका मातेने पुढच्या पिढीस काय दिले, ह्याचे स्मरण ते करतात आणि आपली मुले बरोबर आणतात. स्मरण पुढच्या पिढीकडे तोंड करून उभे राहिले म्हणजे त्यास कर्तव्याचे रूप येते. केवळ मागे पाहत राहिले म्हणजे ती एक चैन होऊन बसते, आणि दुसऱ्याच्या दुर्दैवावर केलेली चैन तर विशेषच अशोभनीय.

तेव्हा केनियाच्या त्या दिवसांची हुरहूर आपण टाकून द्यावी असे मी म्हणत नाही; तिचे मोल द्यावे एवढेच म्हणतो. हे मोल फार मोठे नाही. २०२७ चा विश्वचषक पुन्हा चौदा संघांचा व्हावयाचा आहे, आणि तो दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे व नामिबिया येथे भरणार आहे. त्यात एखादा नवखा संघ दीडशे धावांत कोसळेल, तेव्हा संच बंद न करता सामना शेवटपर्यंत पाहावा. असल्या संघास काढून टाका असे कोणी म्हटले, तर त्यास १९३२ ते १९५२ ची आणि विदर्भाच्या साठ वर्षांची आठवण द्यावी. आणि त्या संघाने कदाचित आपल्यासच हरविले, तर ग्वाल्हेरच्या वेळी जे जमले नाही ते ह्या खेपेस करून पाहावे: दोन टाळ्या वाजवाव्या. तेवढे ज्यास साधेल त्याने खुशाल हळहळावे, "केनिया कुठे गेला?" असे विचारण्याचा अधिकार त्याने मिळविला असे होईल.